मनगटावरची पैसेवारी

राजमान्य राजेश्री मनगटपट्टेराव यांस,
मुक्काम डावं मनगट.

तिवसा तालुक्यातल्या समस्त पायांचा सा. न. वि. वि.

आपण दीड-दोन हजारांत मिळायला लागलात आणि अमरावतीची दुकानं ओलांडून आमच्यापर्यंत पोचलात, याबद्दल अभिनंदन. आता महामार्गाच्या कडेनं पहाटे चालणारा मास्तर आपल्याला विचारल्याशिवाय घरी वळत नाही आणि रात्री साडेनऊला नऊ हजार सहाशेवर अडकलेला बाबू उरलेल्या चारशेसाठी अंगणातल्या तुळशीभोवती घिरट्या घालतो. तुळशीला इतकी भक्ती पूर्वी मिळाल्याची नोंद नाही. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती आपण इथल्या अंगमेहनतीची जी पैसेवारी लावता तिच्याबद्दल. पैसेवारी म्हणजे काय, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. पीक पन्नास पैशांच्या वर की खाली, यावर गावाचं वर्ष ठरतं. पण सरकारलासुद्धा निदान एवढी लाज आहे की सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरअखेर अंतिम, अशा तीन खेपा ते घेतं. आपली पहिलीच नजर अंतिम असते. हरकत नोंदवायला आपल्याकडे तहसीलही नाही.

आधी आपल्या दहा हजारांचं बघू. हा आकडा कुठल्या डॉक्टरनं काढला असेल, असं बहुतेकांना वाटतं. तो निघाला दुकानातून. 1964 साली टोकियोत ऑलिंपिक झालं, जपानात व्यायामाची हवा होती, आणि 1965 मध्ये यामासा नावाच्या कंपनीनं कमरेला अडकवायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचं मीटर’. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता, खपला. पुढं अर्धशतकानंतर हार्वर्डच्या आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी 16,741 वयस्क बायकांची पावलं मोजली. सरासरी वय 72. 2019 मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात दिवसाला 2,700 च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि साडेसात हजारांच्या पुढं फायदा वाढायचा थांबला. म्हणजे तुळशीभोवतीच्या त्या चारशे पावलांना शास्त्राचा आधार नाही. आहे तो साठ वर्षांपूर्वीच्या एका जाहिरातीचा. तरी आपण दहा हजार झाले की मनगटावर फटाके फोडता आणि नऊ हजार नऊशेला मुके बसता.

पण आकडा चुकीचा असणं हा लहान गुन्हा आहे. मोठा गुन्हा मोजणीतला आहे. आपण पाऊल मोजता असं लोक समजतात, प्रत्यक्षात आपण हाताचा झोका मोजता. आपल्या पोटात एक बारीक संवेदक असतो, तो हालचालीचा वेग बदलला की टिपतो, आणि ठरावीक ठेक्यात झोका आला की आपण पाऊल पडलं असं धरून चालता. हात मोकळे सोडून फिरणाऱ्यासाठी ही युक्ती ठीक आहे. आता शेतात या. डवऱ्यामागं दिवसभर चालणाऱ्या गड्याचा हात रुमण्यावर रोवलेला असतो, झुलत नाही. डोक्यावर वैरणीचा भारा किंवा पाण्याचा गुंड घेतलेल्या बाईचा हात वर धरलेला असतो. कापूस वेचणारीचे दोन्ही हात बोंडांत असतात, कमरेची ओटी जड होत जाते आणि ती एका झाडापासून दुसऱ्यापर्यंत अर्धं-अर्धं पाऊल सरकते. या चालीला ठेका नाही, म्हणून आपल्या हिशेबी ती पुष्कळशी चालच नाही. उलट, जवळच मोझरीला गुरुकुंजात कोणी मांडी घालून तासभर खंजिरी वाजवली, तर तो भजनकरी आसनावरून न उठता आपल्या खात्यात कोसभर चालून येऊ शकतो. तिथल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी श्रमदान आणि प्रार्थना, दोन्ही शिकवली. आपल्याला त्यातली एकच कळली, तीही चुकून.

नाडीचंही तसंच. आपण मनगटावर हिरवा उजेड पाडता, रक्तात तो किती मुरतो त्यावरून ठोके ओळखता. कातडीवरच्या गोंदणाची शाई या उजेडाच्या आड येऊ शकते, हे घड्याळं बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या स्वतःच लिहून ठेवतात. आमच्याकडच्या जुन्या बायांची मनगटं गोंदणानं भरलेली असतात. लग्नाआधी आईनं अंगावर घालून दिलेला, चोराला नेता न येणारा तो एकच दागिना, आणि नेमका तोच आपल्याला आंधळं करतो. सोबत घाम, ऊन, सतत हलणारा हात. ज्यांच्या छातीचे ठोके मोजण्याची खरी गरज आहे, त्यांच्याच मनगटाशी आपलं पटत नाही.

कॅलरीचा तर विषयच नको, पण काढायला हवा, कारण आपला सगळा रुबाब तिथंच आहे. 2017 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठानं आपल्या सात भावंडांना 60 जणांच्या हाताला बांधून तपासलं. नाडी बहुतेकांनी बरी मोजली. खर्च झालेली ऊर्जा मात्र एकालाही धड सांगता आली नाही: सर्वांत हुशार यंत्र 27 टक्क्यांनी चुकलं, सर्वांत ढ 93 टक्क्यांनी. तलाठ्यानं एवढ्या फरकाची पैसेवारी कळवली असती तर तिवस्याच्या तहसीलवर मोर्चा गेला असता. आपल्याकडे मोर्चा येत नाही, कारण आपला आकडा नेटका दिसतो. ‘412’ असं लिहिलं की ते मोजलेलं वाटतं, ‘असेल चारेकशे’ म्हटलं की अंदाज वाटतो. अंदाज दोन्ही.

त्याच वर्षी आपल्या चुलत्यानं, म्हणजे खिशातल्या फोननं, याहून मोठी कामगिरी केली. 111 देशांतल्या सात लाखांवर लोकांची पावलं आयफोनवरच्या एका ॲपमधून गोळा झाली आणि देशांची यादी लागली. हाँगकाँग 6,880 वर, भारत 4,297 वर. भारतीय माणूस आळशी, असा अर्थ वर्तमानपत्रांनी लगेच काढला. त्या यादीतला भारतीय माणूस कोण होता? ज्याच्याकडे आयफोन होता, त्यात ते ॲप होतं आणि तो ठेवायला खिसा होता. लुगड्याला खिसा नसतो. निंदणाला जाणारी बाई त्या 4,297 मध्ये नव्हती आणि तरीही ‘भारत’ या शब्दात तिला धरलेलं होतं.

यावर आपले वकील म्हणतील की शेतमजूर बाई पट्टा घालतच नाही, मग तिची बाजू मांडण्याचं कारण काय? कारण असं की मोजमाप पट्टा घालणाऱ्याच्या मनगटापाशी थांबत नाही. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला 289 मिनिटं घालवतात आणि जे पुरुष घरकाम करतात ते 88. कणीक मळणं, धुणं, पाणी भरणं, चुलीपुढं बसणं. यातलं बहुतेक आपल्या पडद्यावर उमटत नाही. मग ज्या घरात नवऱ्याच्या हाताला आपण आहात, तिथं त्याची सकाळची पाऊण तासाची फेरी ‘व्यायाम’ ठरते आणि बायकोचे पावणेपाच तास ‘घरीच असते’ या सदरात जातात. काही आरोग्य विमा कंपन्या आपला दहा हजारांचा दाखला पाहून हप्त्यात सवलत देतात. डवऱ्यामागच्या मैलांना कोणी सवलत दिलेली नाही. आणि गरिबाच्या हाताला आपले भाऊबंद बांधले जातात तेव्हा त्यांचा स्वभावच बदलतो. नागपूर महापालिकेनं सफाई कामगारांना जीपीएस असलेली घड्याळं दिली, ती काही त्यांचं हृदय जपायला नव्हे. कामगार नेमलेल्या जागी आहे की नाही, हे कचेरीत बसून बघायला. बसणाऱ्याला यंत्र शाबासकी देतं आणि झाडणाऱ्यावर पाळत ठेवतं. तंत्र एकाच घराण्यातलं.

दुसरा आक्षेप वजनदार आहे, त्याला बगल देणं अप्रामाणिकपणा होईल. 2024 मध्ये लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत: 49.4 टक्के, स्त्रियांत 57. हे गाव-शहर दोन्हीचं दुखणं आहे. तिवस्याच्या बाजारपेठेत गादीवर दिवस काढणारा दुकानदार, कचेरीतला कारकून, एसटीनं अमरावतीला ये-जा करणारा शिक्षक, यांचं साखर आणि रक्तदाबाचं ओझं खरं आहे. त्यांच्यासाठी आपण उपयोगी आहात, हे मान्य. अनेक अभ्यास एकत्र करून 2022 मध्ये काढलेला निष्कर्ष असा की पट्टा घालणारे दिवसाला सुमारे अठराशे पावलं जास्त चालतात. थोडं आहे, पण फुकट नाही. मात्र त्याच्या शेजारी 2016 चा अमेरिकेतला प्रयोगही ठेवावा. वजन कमी करू पाहणाऱ्या 471 तरुणांपैकी निम्म्यांना पट्टे दिले. दोन वर्षांनी पट्टेवाल्यांचं वजन सरासरी साडेतीन किलोनं उतरलं होतं, बिनपट्टेवाल्यांचं 5.9 किलोनं. तेव्हा चालायला आपण लावता, पण पुढचं आपल्या हातात नाही. आणि चालायला लावणारे आपण पहिलेही नव्हेत. याच तालुक्यातल्या कौंडण्यपूरहून, रुक्मिणीच्या माहेराहून, पंढरपूरला पायी पालखी जाते, तिची परंपरा चारशेहून अधिक वर्षांची सांगतात. त्या वाटेवर मोजतात ते मुक्काम. अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून आहे, त्याचे खेळाडू 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकला आपले देशी खेळ दाखवून आले. व्यायाम म्हणजे काय, हे वऱ्हाडाला ब्लूटूथनं कळलेलं नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड, आणि तो आपल्या वकिलांच्या नव्हे, शास्त्रज्ञांच्या बाजूनं येतो. कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे, असं ते म्हणतात. 2018 मध्ये अनेक अभ्यासांची बेरीज करून दाखवलं गेलं की जड अंगमेहनतीची कामं करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचा धोका हलकी कामं करणाऱ्यांपेक्षा 18 टक्के जास्त आहे. फुरसतीतली हालचाल तारते, पोटासाठीची मारते, असा हा चक्रावणारा हिशेब. मग डवरणी आपण मोजली नाही तर बिघडलं काय? मला वाटतं, बिघडलं ते इथंच. कष्ट का झिजवतात? ते तासन् तास चालतात, पाठ वाकलेली असते, ऊन डोक्यावर असतं, आणि दम लागला म्हणून थांबायची मुभा मजूर माणसाला नसते. वेचणीची मजुरी किलोवर. बसलं की ओटी रिकामी. म्हणजे इथं तुटवडा हालचालीचा नाही, विसाव्याचा आहे. आणि आपल्याला येणारी आज्ञा एकच: तासभर बसलं की मनगट थरथरवून ‘उठा, चाला’. ही आज्ञा खुर्चीसाठी घडवलेली आहे. महागड्या घड्याळांत विश्रांतीचा सल्ला असतो खरा, पण तो धावून आलेल्याला, त्यानं व्यायाम म्हणून नोंदवलेल्या मेहनतीनंतर. निंदण नोंदवायला आपल्या यादीत बटण नाही. योग आहे, गोल्फ आहे.

झोपेचे आपले गुणही याच मासल्याचे. झोपेचा आकडा सुधारण्याच्या काळजीनं झोप उडवून घेणारे लोक 2017 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी नोंदवले आणि त्या दुखण्याला वेगळं नावही दिलं. तो शहरी विकार. शेतीच्या फीडरला वीज रात्रपाळीत असेल तर ओलितवाला मध्यरात्री बॅटरी घेऊन बांधावर उभा असतो. त्याला सकाळी ‘आपली झोप असमाधानकारक’ असं कळवणं म्हणजे बुडालेल्याला पाणी खोल होतं म्हणून सांगणं.

तेव्हा विनंती दोनच, आणि दोन्ही आपल्या कारखान्याला जमण्यासारख्या आहेत. डबा उघडल्याबरोबर समोर ठेवलेले दहा हजार काढून टाकावेत आणि त्या जागी आधी एक प्रश्न विचारावा: दिवसभर काय काम करता? उत्तर खुर्ची असेल तर खुशाल उठवा. उत्तर डवरा, ओटी किंवा चूल असेल, तर तासाला एकदा मनगट हलकेच थरथरवून एवढंच म्हणा, ‘बाई, आता जरा बस.’ तिला बसू द्यायचं की नाही, हे अर्थातच आपल्या हातात नाही. पण निदान कोणीतरी म्हटलं, एवढी नोंद होईल.

ही दुरुस्ती होईपर्यंत आपला मुक्काम चार्जरवर ठेवावा. कळावे, लोभ असावा.

ता. क. उत्तर पाठवायचं तर दिवाळीनंतर लगेच पाठवू नये. वेचणी चालू असते, वाचायला कोणाचे हात रिकामे नसतात.