कांद्याचा स्वभावदोष

स्वभावाला औषध नसतं, हे आपण लग्न जमवताना ऐकतो आणि लग्नानंतर बोलून दाखवतो. रेल्वेनं ते कायद्यातच घालून घेतलं आहे. रेल्वे अधिनियम, 1989, कलम 93. वाटेत माल हरवला, फुटला, नासला तर जबाबदारी रेल्वेची, असं हे कलम एका दमात सांगतं आणि दुसऱ्या दमात नऊ अपवाद मोजतं. दैवी कोप, युद्ध, देशाचे शत्रू, सरकारी हुकूम, आग, स्फोट... या बड्या मंडळींच्या पंगतीत सातव्या पाटावर बसला आहे मालाचा अंगभूत दोष, म्हणजे त्यापायी होणारी नैसर्गिक खराबी नि घट. इंग्रजी मसुद्यात तर चक्क ‘व्हाइस’ असा शब्द आहे. दुर्गुण! दारू, जुगार आणि कांदा.

समजा, निफाडकडच्या एका शेठनं मे महिन्यात कांद्याच्या गोण्या पूर्वेला पाठवल्या. चार दिवसांचा प्रवास नऊ दिवसांत झाला, कारण मधले पाच दिवस वॅगन कुठल्याशा यार्डात ऊन खात उभी होती. दार उघडलं तर गोण्यांतून पाणी गळतंय. आरोपी कोण? कांदा. वळणच वाईट! चाळीत महिनोन् महिने गुमान पडून राहणारा हा इसम रेल्वेच्या पत्र्याखाली नऊ दिवस नीट बसत नाही म्हणजे काय?

बरं, या आरोपीची ओळखही पटलेली नसते. माल शेठच्या हमालांनी भरला, मोजायला रेल्वेचं कुणी फिरकलं नाही, म्हणून आरआरवर, म्हणजे रेल्वेच्या माल-पावतीवर, शेरा पडला ‘सेड टू कंटेन’. आत कांदे आहेत म्हणे बुवा! भाडं मात्र ‘भरलं म्हणे’ चालत नाही, ते मोजूनच घेतात. पुढे नग कमी निघाले तर मुळात किती होते, हे शेठनं सिद्ध करायचं.

मालधक्क्यावर शेठचा माणूस ओपन डिलिव्हरी मागतो. खराब दिसणारा माल उघडून, तपासून देण्याची ही सोय कलम 81 मध्ये आहे, कुणाची मेहेरबानी नाही. बाबू नाकाला रुमाल लावून नुकसानीची टक्केवारी लिहितात. सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा तो रुमाल, पण तो फाइलीला जोडण्याची पद्धत नाही.

मग दावा, आणि दाव्याला उत्तर: खराबी मालाच्या अंगभूत दोषामुळे, सबब नामंजूर. आमचा शेठ इथंच फाइल बांधून माळ्यावर टाकायला निघतो. त्यानं कलम 93 अर्धंच वाचलेलं असतं. त्याच्या शेपटाला एक परंतुक आहे. नवांपैकी कुठलंही कारण असलं, तरी आपण वाजवी दूरदृष्टी आणि काळजी दाखवली होती, हे रेल्वेनं सिद्ध केल्याखेरीज तिची सुटका नाही. म्हणजे यार्डातल्या त्या पाच दिवसांचा जबाब कांद्यानं द्यायचा नाही. पण परंतुक वाचायला चष्मा लागतो आणि वकील लागतो, आणि वकिलाची फी पुन्हा कांद्यातूनच निघायची असते.

दाद मागायची ती रेल्वे दावा न्यायाधिकरणात. कायदा 1987 चा, काम सुरू झालं 8 नोव्हेंबर 1989 ला. दिवाणी कोर्टाच्या तारखांतून व्यापारी सुटावा, हा हेतू. म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेचं बंधनही ठेवलेलं नाही. आपल्याकडे मुंबई आणि नागपूरला पीठं आहेत. पीठावर एक सदस्य न्यायिक, एक तांत्रिक, आणि तांत्रिक सदस्यानं रेल्वेत वरच्या हुद्द्यावर काही वर्षं काढलेली असावीत, अशी मूळ कायद्याची अट. सुनेचं गाऱ्हाणं ऐकायला एक न्यायाधीश आणि एक सासरकडचे अनुभवी काका! काका वाईटच असतात असं मी म्हणत नाही. वॅगन यार्डात का कुजते, हे साऱ्या दालनात एकट्या त्यांनाच ठाऊक असतं. निकाल पटला नाही तर 90 दिवसांत उच्च न्यायालय आहेच. तोवर त्या कांद्याची नातवंडं बाजार समितीत लिलावाला उभी राहिलेली असतात.

तर शेठ, माळ्यावरची शिडी आधी बाजूला ठेवा. पुढच्या खेपेला माल ताब्यात घेण्याआधी ओपन डिलिव्हरी मागा, शेऱ्याची प्रत खिशात घाला आणि रेल्वेला नुकसानीची लेखी नोटीस द्या. मुदत सहा महिन्यांची आहे. ती माल पोचल्या दिवसापासून नव्हे, रेल्वेच्या ताब्यात दिल्या दिवसापासून धावते. वॅगन यार्डात उभी असली तरी.