मूळची कुठली?

मराठी माणसाची नवी ओळख झाली की दोन मिनिटांत गाडी आडनावावरून गावावर येते. "कुलकर्णी म्हणजे नेमके कुठले?" हे कळल्याशिवाय समोरच्याच्या घशाखाली चहा उतरत नाही. एखादे चिपळूणकर तीन पिढ्या इंदुरात राहत असतील, वाशिष्ठी नदी त्यांनी नकाशातसुद्धा पाहिली नसेल, तरी मूळचे ते चिपळूणचेच. हीच चौकशी आपण मोटारीचीही करतो. जर्मन म्हटलं की मान डोलते, जपानी म्हटलं की "मग काही बघायला नको" असा निर्वाळा मिळतो, आणि चिनी म्हटलं की "घेतलीत?" एवढाच प्रश्न येतो. अडचण एकच आहे. गाडीचं आडनाव आणि गाव यांची ताटातूट आता माणसांच्याही फार पुढे गेली आहे.

आमच्या सोसायटीत एक गृहस्थ आहेत. गाडी दाखवताना ते बॉनेट उघडत नाहीत, की सनरूफ दाखवत नाहीत. फक्त दार उघडून लावतात आणि बोट वर करून म्हणतात, "ऐकलंत? जर्मन!" दार खरोखरच 'धप्प' असं पोटभर जेवल्यासारखं लागतं. आता ही फोक्सवागन २००९ साली सुरू झालेल्या चाकणच्या कारखान्यातली. म्हणजे ते दार खेड किंवा जुन्नर तालुक्यातल्या एखाद्या आयटीआय केलेल्या पोराने बसवलेलं असण्याची शक्यता दाट. हे त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "बसवलं असेल हो, पण आवाज तिकडचा आहे." यावर काय बोलणार?

सरकारला मात्र आवाजात रस नसतो. सरकार चॅसी नंबर बघतं. आरसीवर सतरा अक्षर-अंकांची एक लांबलचक माळ असते. तिच्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच येत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी घोटाळा करतात. माळेच्या सुरुवातीलाच देश कळतो. जपानचा जे, जर्मनीचा डब्ल्यू, कोरियाचा के, चीनचा एल, इटलीचा झेड. भारताच्या वाट्याला एमए आणि त्याच्या पुढच्या काही जोड्या आल्या आहेत. त्यामुळे कोरियन म्हणून हौसेने घेतलेली, चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदुरची ह्युंदाई निघते एमएएल. टाटांची एमएटी आणि मारुतीची एमए३ यांच्या पंगतीत ती मुकाट्याने बसलेली असते. पण देशाबद्दल या माळेत एवढंच असतं. इंजिन कुठलं, गिअरबॉक्स कुठला, आतल्या चिप कुठल्या, याबद्दल ती अवाक्षर काढत नाही.

अमेरिकनांना हा मोघमपणा पटला नाही. त्यांनी १९९२ मध्ये कायदाच केला आणि ऑक्टोबर १९९४ पासून तयार होणाऱ्या नव्या गाडीच्या काचेवर चिठ्ठी आली: स्वदेशी सुटे भाग किती टक्के, इंजिन कुठलं, गिअरबॉक्स कुठला. या हिशोबात कॅनडाचे भागही घरचेच धरतात. ग्राहकाने चिठ्ठी वाचून देशप्रेमाने गाडी निवडावी, अशी अपेक्षा होती. पण अस्सल जपानी समजली जाणारी टोयोटा कॅमरी केंटकीत तयार होते आणि अस्सल अमेरिकन नावाच्या कितीतरी गाड्या मेक्सिकोतून येतात. त्यामुळे ती चिठ्ठी देशप्रेमी माणसाला मदत करण्याऐवजी पेचातच टाकते.

पूर्वी तरी हे सोपं होतं का? गॉर्डन बेनेट नावाच्या अमेरिकन वृत्तपत्रमालकाने १९०० साली देशादेशांमधली मोटारशर्यत सुरू केली. नियम असा, की गाडीचा प्रत्येक भाग त्याच देशात तयार झालेला हवा. म्हणजे पूर्ण सोवळं. १९०१ मध्ये ब्रिटनचा सेल्विन एज आपली नेपियर घेऊन गेला. गाडी इतकी जड, की तिच्यापुढे ब्रिटिश टायर टिकेनात. त्याने फ्रेंच टायर चढवले आणि गाडी बाद झाली! पुढच्या वर्षी त्याच एजने शर्यत जिंकली, म्हणून १९०३ ची शर्यत ब्रिटनकडे आली. पण इंग्लंडच्या रस्त्यांवर शर्यतीला कायद्याची आडकाठी होती, म्हणून ती आयर्लंडमध्ये भरवावी लागली. तिथे जिंकली जर्मन मर्सिडीज. चालवणारा बेल्जियन. गाडीचं नाव एमिल येलिनेक या ऑस्ट्रियन उद्योजकाच्या मुलीवरून ठेवलेलं आणि ते नाव मुळात स्पॅनिश. सोवळ्याच्या नियमातून ही वरात बिनदिक्कत पार पडली, अडकले होते ते फक्त टायर.

इटलीने अगदी परवा पुन्हा हाच प्रयोग केला. एप्रिल २०२४ मध्ये आल्फा रोमिओने एक नवी गाडी आणली आणि जन्मगावाच्या अभिमानाने तिचं नाव 'मिलानो' ठेवलं. गाडी तयार होणार होती पोलंडमधल्या तिखी इथे. इटलीच्या उद्योगमंत्र्यांनी हरकत घेतली: परदेशात केलेल्या मालाला इटालियन नाव देऊन गिऱ्हाइकाला चकवणं कायद्यात बसत नाही. चार-पाच दिवसांत गाडीचं बारसं पुन्हा झालं आणि ती 'ज्युनियर' झाली. पुढच्याच महिन्यात लिव्होर्नो बंदरात फियाटच्या शंभराहून अधिक चिमुकल्या 'टोपोलिनो' अडवल्या गेल्या. त्या मोरोक्कोत केलेल्या होत्या आणि त्यांच्या दारावर इटलीच्या झेंड्याची छोटीशी पट्टी चिकटवलेली होती. पट्टी निघाल्यावर गाडीत काय बदललं? चाकं तीच, बॅटरी तीच, मोरोक्कोही तोच. फक्त दाराचा एक कोपरा मोकळा झाला.

या दोन्ही गाड्यांची मालक कंपनी स्टेलँटिस. तिचे पूर्वज फ्रेंच, इटालियन आणि अमेरिकन, मुख्यालय नेदरलँड्समध्ये. तिचाच एक कारखाना आपल्या रांजणगावला आहे. अष्टविनायकांतल्या महागणपतीच्या दर्शनाला जाताना आपण त्याच्या आसपासून जातो. तिथे २०१७ पासून जीप कंपास तयार होते आणि ऑस्ट्रेलिया-जपानपर्यंत गेलेली आहे. जीप म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकेचं चालतंबोलतं निशाण. ते निशाण शिरूर तालुक्यात जुळवून टोकियोत विकलं, तरी अमेरिकेच्या कुठल्या मंत्र्याने नाव बदलायला लावलं नाही.

पण खरी गंमत बघायची ती इंग्लंडात. २००३ साली तिथल्या रोव्हर कंपनीला एक छोटी गाडी हवी होती आणि नवी घडवायला पैसे नव्हते. तेव्हा पुण्यात तयार झालेली टाटा इंडिका बोटीतून गेली, तिच्या नाकावर रोव्हरचं बोधचिन्ह बसलं आणि ती 'सिटीरोव्हर' म्हणून ब्रिटिश शोरूममध्ये उभी राहिली. इंडिकाचं रूप आधीच इटलीतल्या तुरिनच्या डिझाइनरांच्या मदतीने घडलेलं, म्हणजे हा तिचा तिसरा देश. गाडी फारशी चालली नाही. रोव्हर कंपनी २००५ मध्ये बुडाली. २००८ मध्ये टाटांनी फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर २.३ अब्ज डॉलरना घेतल्या, आणि त्या सौद्यात नुसतं 'रोव्हर' हे नावसुद्धा टाटांकडे आलं. ज्या नावाची झूल पांघरून आपली इंडिका परक्या देशात पाच वर्षांपूर्वी उभी होती, ती झूलच घरी आली. आता लँड रोव्हरची डिफेंडर तयार होते स्लोव्हाकियात नित्रा इथे, आणि २०२४ पासून रेंज रोव्हरची जुळणी पुण्यातही होते. तरीही ती गाडी ब्रिटिश नाही असं म्हणायची कुणाची छाती नाही. मालकाचं राष्ट्रीयत्व गाडीला लागत नाही, हे यातून कळतं. निदान मालक शहाणा असेल आणि गप्प बसत असेल, तर लागत नाही.

नाव आणि कारखाना यांची फारकत कुठवर जाते, ते बघायचं तर १९९८ मधली रोल्स-रॉइसची विक्री आठवावी. फोक्सवागनने क्रू गावचा कारखाना घेतला, कामगार घेतले, बॉनेटवरच्या पऱ्या घेतल्या. मग लक्षात आलं, की 'रोल्स-रॉइस' हे नाव विमानाची इंजिनं करणाऱ्या दुसऱ्याच कंपनीचं आहे, आणि त्यांनी ते ४ कोटी पौंडांना बीएमडब्ल्यूला दिलं. शेवटी तडजोड झाली. २००३ पासून बीएमडब्ल्यूने गुडवूडला नवा कारखाना बांधून रोल्स करायला घेतली आणि फोक्सवागनकडे बेंटली राहिली. इंग्लंडच्या राजवैभवाची अशी वाटणी झाली, आणि दोन्ही वाटेकरी जर्मन.

आपल्याकडेही वंशावळी काही कमी गुंतागुंतीच्या नाहीत. महिंद्राची सुरुवात १९४५ मध्ये 'महिंद्रा अँड मोहम्मद' अशी झाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले, आणि इकडे पाटीवरचं दुसरं नावही महिंद्रा झालं. महिंद्राच्या ज्या जीपवर आपले फौजदार, तलाठी आणि वनखात्याचे साहेब आयुष्यभर हिंडले, ती अमेरिकेच्या विलीजची. पुढाऱ्यांची पांढरीशुभ्र अँबॅसडर म्हणजे ऑक्सफर्डची मॉरिस. पण अँबॅसडर दिसली की आपल्या मनात ऑक्सफर्ड येत नाही, कलेक्टर कचेरी येते.

आणि मुंबईची टॅक्सी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० होऊ लागली. तुरिनच्या फियाटने हे मॉडेल १९६९ मध्ये थांबवलं. कुर्ल्याने ते पुढे आणखी तीस वर्षं चालवलं आणि मध्येच त्याचं नाव पद्मिनी ठेवलं. टॅक्सीवाले मात्र अखेरपर्यंत फियाटच म्हणत राहिले. या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढचं आसन सलग बाकासारखं, मीटर बाहेर डाव्या अंगाला. मे महिन्यात घाटात किंवा सिग्नलवर इंजिन तापलं की पेट्रोलची वाफ होऊन पंप रुसायचा. मग ड्रायव्हर शांतपणे उतरायचा, बॉनेट उघडायचा आणि पाण्यात भिजवलेलं फडकं पिळून पंपावर ठेवायचा. विडी संपेपर्यंत गाडी माणसात यायची. पुढच्या वेळची तजवीज म्हणून काही जण ते फडकं तिथेच ठेवून द्यायचे. तुरिनच्या इंजिनिअरांनी लिहिलेल्या माहितीपुस्तकात हे ओलं फडकं असणं शक्य नाही. माझ्या मते ज्या क्षणी ते पहिलं फडकं पंपावर पडलं, त्या क्षणी फियाट इटालियन राहिली नाही. २००३ मध्ये नोंदवलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेने रस्त्यावरून उतरली, तेव्हा हळहळली ती मुंबई. तुरिनला कळवायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

हल्ली उलटी गंगाही वाहते. मारुतीने हरियाणात केलेली पाच दारांची जिम्नी २०२५ च्या सुरुवातीला सुझुकीने जपानात नेली. जपानी लोकांनी इतकी झुंबड उडवली, की काही दिवसांतच बुकिंग थांबवावं लागलं. आपल्याकडे जी गाडी जपानी आहे म्हणून घ्यायची, ती जपानात भारतातून येते. त्याच वर्षी जुलैत टेस्लाने वांद्रे-कुर्ला संकुलात शोरूम उघडली. अमेरिकन स्वप्न बघायला गर्दी झाली, आणि काचेमागे उभ्या होत्या शांघायहून आलेल्या गाड्या. चिनी म्हटल्यावर जे "घेतलीत?" म्हणतात, तेही त्यांच्यासमोर सेल्फी काढत होते.

थोडक्यात, गाडीचा देश कोणता हे कोण विचारतंय त्यावर ठरतं. कस्टमवाला जकातीसाठी विचारतो, त्याला सुटे भाग हवेत. मंत्री मतांसाठी विचारतो, त्याला कारखाना हवा. विकणारा भावासाठी सांगतो, त्याला नाव पुरतं. घेणाऱ्याला हवा असतो दाराचा आवाज. या सगळ्यांत मेकॅनिक तेवढा कधी विचारत नाही. त्याला एवढंच बघायचं असतं, की पार्ट इथे मिळतो की मागवावा लागतो. इथे मिळत असेल तर गाडी इथली. ओल्या फडक्याची परंपरा चालवणाऱ्या या माणसाची व्याख्या मला सगळ्यांत खरी वाटते.

सरकारनेही अलीकडे सगळा वाद एका पत्र्यावर आणून मिटवला आहे. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावून घ्या, असा हुकूम निघाला, आणि मुदतीमागून मुदत वाढवत महाराष्ट्राने ती लावून घेतली. डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचा चकचकीत होलोग्राम आणि त्याखाली निळ्या अक्षरांत 'आयएनडी'. जर्मन असो, कोरियन असो, इटलीच्या झेंड्याची असो, सगळ्यांना एकच रांग आणि एकच दर: चारचाकीला ७४५ रुपये, जीएसटी वेगळा. एकदा कुलूप बसलं की ही प्लेट काढता येत नाही.

राष्ट्रीयत्वाचा प्रश्न असा हजार रुपयांच्या आत सुटतो. त्याच प्लेटवर पुढे लिहिलेलं 'एमएच-१२' मात्र कोणालाच सोडवता आलेलं नाही. साताऱ्याच्या पुढे एखादी गाडी डावीकडून घुसून आडवी आली, की मागचा माणूस ती जपानी की जर्मन हे बघत नाही. तो फक्त नंबर वाचतो, "पुण्याची!" म्हणतो, आणि नंतर जे म्हणतो ते छापण्यासारखं नसतं.