ट्रफाल्गरचे वारसदार

इंग्लंडात जुन्या नौदल अधिकाऱ्यांच्या तलवारी जमवणारा गृहस्थ बहुधा सेवानिवृत्त असतो, त्याला बोट लागते, आणि भिंतीवर आणखी एक खिळा ठोकण्यावरून घरात होणाऱ्या चकमकी तो नेमाने हरतो. त्याची कालगणना २१ ऑक्टोबर १८०५ पासून, म्हणजे नेल्सनच्या आरमाराने ट्रफाल्गरजवळ फ्रेंच व स्पॅनिश आरमारांचा पराभव केला त्या दिवसापासून, सुरू होते. अडचण एवढीच की तलवार विकायला आणणाऱ्या प्रत्येक घराण्याची कालगणनाही तिथूनच सुरू होते. पणजोबांची शौर्यगाथा तो अदबीने ऐकून घेतो आणि मग भिंग काढतो. मुठीच्या टोकाला सिंहाचे मुंडके, पकडीवर पाकट माशाचे पांढरे कातडे आणि हाताभोवती सोन्याचा मुलामा दिलेले भरीव पितळी कवच असेल, तर तो नमुना १८२७ साली ठरवून दिलेला असतो. म्हणजे पणजोबा ट्रफाल्गरला गेले असलेच, तर ही तलवार घरी ठेवून नव्हे, तर ती घडण्याच्या बावीस वर्षे आधी गेले. हाच न्याय स्वतःच्या लाडक्या तलवारीला लावण्याची वेळ आली की मात्र ‘पाते जुने असून मूठ मागाहून बदलली असावी’ असा त्याचा अभ्यासपूर्ण निष्कर्ष असतो.

नुसती तलवार मुकी, म्हणून तिच्यासोबत घराण्याची पत्रे हवीत. १८४० पूर्वी टपालखर्च कागदांच्या संख्येवर आणि अंतरावर ठरे व तो बहुधा पत्र घेणाऱ्याच्या माथी पडे, त्यामुळे काटकसरी माणसे लिहिलेला कागद आडवा धरून त्याच मजकुरावरून पुन्हा लिहीत. ही चटईची वीण रात्र रात्र जागून उकलावी, तर हाती लागते काय? लोकरी मोजे पाठव, बढती कुठे अडली, आणि पकडलेल्या जहाजाच्या विक्रीतून मिळायच्या वाट्याचे काय झाले. तलवारीचा उल्लेख सापडलाच, तर शिंप्याच्या थकबाकीत.

त्याचा खरा राग आहे तो व्यवहारी वीरांवर. लंडनच्या लॉइड्स या विमाबाजारातील व्यापाऱ्यांनी १८०३ साली देशभक्त निधी उभारला, आणि त्यातून पराक्रमी कप्तानांना शंभर पौंड किमतीच्या नक्षीदार तलवारी दिल्या जात. काहींनी तलवारीऐवजी रोख रक्कम किंवा चांदीचे भांडे पसंत केले, हे त्यांना तो आजही माफ करू शकलेला नाही. वास्तविक १८१५ नंतर युद्ध संपल्यावर बहुसंख्य अधिकारी अर्ध्या पगारावर घरी बसले होते, आणि घर चालवायला रोख पैसाच लागतो.