मुद्दलाला हात

आमच्या घरात मुद्दलाला हात लावणं हे दारू पिण्यापेक्षा वाईट समजलं जायचं. दारू पिणाऱ्या काकांना लग्नकार्यात तरी बोलावत. मुदतीआधी एफडी मोडणाऱ्या काकांचं नावही कुणी काढत नसे. व्याजावर भागवायचं, मुद्दल ठेवून जायचं. हा संस्कार मी मेतकुटाच्या पिशवीबरोबर मिसिसागाला आणला आणि कॅनडा सरकारला तो भलताच आवडला. आरआरएसपीत, म्हणजे निवृत्तीच्या बचत खात्यात पैसे टाका, तेवढी रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करा! फेब्रुवारीत बाहेर बर्फाचे ढीग असताना बँका घसा कोरडा करून सांगायच्या, मुदत संपत आली. मी टाकायचो. रिफंड यायचा, तोही परत टाकायचो. इतका गुणी जावई सरकारला दुसरा मिळाला नसेल.

एकाहत्तरी आली आणि सासऱ्यांचा सूर पालटला. त्या वर्षीच्या 31 डिसेंबरच्या आत आरआरएसपी गुंडाळायचा. बहुतेक जण तो ‘रिफ’मध्ये, म्हणजे आरआरआयएफमध्ये हलवतात. मग पुढच्या वर्षापासून दरसाल किमान इतके पैसे काढायचेच. हवेत की नकोत, कुणी विचारत नाही. एकाहत्तराव्या वर्षी 5.28 टक्के, ऐंशीला 6.82, पंच्याण्णवला थेट 20. पंच्याण्णवाव्या वर्षी एवढ्या पैशांचं करायचं काय, हे मात्र नियमात लिहिलेलं नाही. आणि काढलेला प्रत्येक डॉलर उत्पन्न म्हणून करपात्र.

सीपीपीचा, म्हणजे कॅनडा पेन्शन प्लॅनचा घोळ त्याआधीच होऊन गेला होता. ही पेन्शन साठीला घेतली तर पासष्टीच्या मानाने 36 टक्के कमी, सत्तरीपर्यंत थांबलं तर 42 टक्के जास्त. म्हणजे सगळा हिशेब तुम्ही किती जगणार यावर. आमच्या तरुण आर्थिक सल्लागाराने अदबीने विचारलं, तुमच्या घराण्यात माणसं साधारण किती जगतात? मी आठवत होतो, तोवर बायको म्हणाली, “यांच्याकडचं कुणी लवकर जात नाही.” स्वर अभिमानाचा नव्हता. मी सत्तरीपर्यंत थांबलो.

गणपतीत आरती झाली की पूर्वी ज्येष्ठ मंडळी गुडघ्यांवर बोलायची, आता ओएएसवर, म्हणजे सरकारच्या वृद्धापकाळ पेन्शनवर बोलतात. पूर्ण ओएएसला अठरा वर्षांनंतरचं चाळीस वर्षांचं कॅनडातलं वास्तव्य लागतं. अडतिसाव्या वर्षी आलेल्याला पासष्टीला चाळिसातले सत्तावीस हिस्से. त्यामुळे सत्तरच्या दशकात आलेले लोक खिरापत घेतानाही जरा ताठ उभे राहतात. पण त्यांच्याही वरची एक जात आहे. 2025 सालाच्या हिशेबात उत्पन्न 93,454 डॉलरच्या वर गेलं, की वरच्या प्रत्येक डॉलरमागे पंधरा सेंट ओएएस परत जातं. हा क्लॉबॅक. उत्पन्न दीड लाखाच्या थोडं पुढे गेलं की सगळंच जातं. एक गृहस्थ दरवर्षी पेढा तोंडात ठेवून कळवळतात, “आमचं तर सगळंच्या सगळं ओएएस जातं हो!” सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात हळहळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मला त्या उंचीची भीती नव्हती, पण मुद्दलाची होती. मग कळलं की रिफची किमान रक्कम जोडीदाराच्या वयावरून ठरवता येते, फक्त ते पहिली रक्कम काढण्याआधी सांगावं लागतं. बायको पाच वर्षांनी लहान. 5.28 चे एकदम 4.17 झाले! छत्तीस गुण तपासणाऱ्या जोशीबुवांनी हा सदतिसावा गुण कुणाला सांगितलाच नव्हता. तिचं वय ऐकून कुणी इतकं खूश झालेलं तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

त्या आनंदात मी पेन्शन स्प्लिटिंगही सांगून टाकलं. 2007 पासून पात्र पेन्शनचं निम्म्यापर्यंत उत्पन्न जोडीदाराच्या नावावर दाखवता येतं आणि पासष्टीनंतर रिफचे पैसेही त्यात बसतात.

“निम्मं माझ्या नावावर? खरंच की कागदावर?”

“कागदावर.”

“वाटलंच.”

नको ते तिने मग स्वतःच वाचून काढलं. दोघांतलं शेवटचं माणूस गेलं की रिफमध्ये उरलेली सगळी रक्कम त्या एका वर्षाचं उत्पन्न धरतात. ओंटारिओत सगळ्यात वरचा दर 53.53 टक्के. मी घाईघाईने म्हटलं, काळजी नको, दरवर्षी किमान रक्कम काढायची, कर भरायचा आणि जागा असेल तेवढी टीएफएसएत, म्हणजे करमुक्त बचत खात्यात टाकायची. तिथून काढलेल्याला करही नाही, क्लॉबॅकही नाही.

“म्हणजे एका डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात. आणि खायचं कधी?”

संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन बसली. टोरांटो ते मुंबई, बिझनेस क्लास, दोन तिकिटं, डिसेंबर. एवढे पैसे आणायचे कुठून, असं मी विचारताच तिने चष्म्यावरून पाहिलं.

“आणायचे कशाला? सरकारच काढायला लावतंय ना?”