आलोच आहोत तर…

संध्याकाळी पाच वाजले की तात्या मफलर गुंडाळतात, पायात चपला सरकवतात आणि घरी आलेल्या पाहुण्याला म्हणतात, "चला, जरा पाय मोकळे करून येऊ. इथंच." या 'इथंच'ला भुलून निघणाऱ्यानं स्वेटर आणि बिस्किटांचा पुडा जवळ ठेवावा.

तात्या निवृत्त तलाठी. वाईच्या आसपासचं रान त्यांना सातबाऱ्यासकट पाठ. आपण हळदीचे हिरवे वाफे आणि पाचगणीच्या डोंगराआड उतरणारं ऊन बघत असतो. तात्या काठीनं बांध दाखवतात. "या वीतभर जागेसाठी दोघे भाऊ कोर्टात होते. चिंचा मात्र दोघांचीही पोरं एकत्र पाडायची."

मेणवली तीनेक किलोमीटर. तिथवर त्यांचा शब्द खरा. नाना फडणवीसांचा वाडा 'नंतर बघू' म्हणून मागे टाकत ते कृष्णेच्या घाटावर थेट घंटेपाशी नेतात. "१७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तिथली ही पोर्तुगिजांची. बघा, अंगावर मेरी आणि बाळ येशू. आता महादेवापाशी नांदतायत!" स्वतःच दप्तरी नोंद घातल्याच्या थाटात ते घंटेकडे बघतात.

पाहुणा परत वळतो न वळतो तोच, "इथवर आलोच आहोत तर धोमला जाऊन येऊ." धोमला कासवाच्या पाठीवर बसलेला दगडी नंदी दाखवून होतो. मग, "आलोच आहोत तर धरण." काळोख पडलेला, टिटव्या ओरडतायत, पाहुणा मोबाइलला रेंज शोधतोय. तात्या निवांत. त्यांनी हात केला की ट्रॅक्टर थांबतो, कारण ट्रॅक्टरवाल्याच्या आज्याची वारस नोंद त्यांनीच घातलेली. ट्रॉलीत उसाच्या पाचटावर बसून पाहुणा हाडं मोजत असतो आणि तात्या हळहळतात, "पांडवगड राहिला!"

काकू या सहलींना कधीच येत नाहीत. लग्नाच्या वर्षी 'इथंच' म्हणून गेल्या होत्या, तेवढ्यावर संसार भागला. तात्या 'सातला येतो' म्हणाले, की त्या साडेनऊच्या हिशोबानं पिठलं टाकतात. परवा पाऊस आला म्हणून आम्ही खरोखरच सातला परतलो. दार उघडून काकूंनी आधी तात्यांच्या कपाळाला हात लावला. मग आमच्याकडे वळून विचारलं, "वाटेत चक्कर वगैरे आली होती का हो यांना?"