आपलेच निंघाले!

मे महिन्यात यवतमाळच्या बसस्थानकावर उतरलं, की आधी झळ लागते उन्हाची आणि मग एका प्रश्नाची. "कुठचे जी तुमी?" विचारणारा पन्नाशी उलटलेला, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला. तुमची पिशवी अजून खांद्यावर नीट बसलेली नसते. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला वाटतं, हा ऑटोवाला असावा, नाहीतर लॉजचा दलाल. दोन्ही अंदाज चूक. त्याला तुमच्याकडून काही नको असतं. तुम्हालाच काहीतरी हवंय आणि भिडेपोटी तुम्ही ते सांगत नाही आहात, याबद्दल मात्र त्याची खात्री असते.

हा मदतखोर. जिल्ह्यात तालुके सोळा, आणि त्याच्यावाचून एकही तालुका रिकामा नाही. वणीकडं त्याच्या सदऱ्यावर कोळशाची धूळ असते, पाटणबोरीला तो मोडकंतोडकं तेलुगूही बोलतो, पुसदला दर तिसऱ्या वाक्यात वसंतराव नाईकांचं नाव घेतो. वाण एकच. बेकार नसतो हं. कुणाची कोरडवाहू कपाशी असते, कुणाचा पानठेला, कुणी झेडपीतून रिटायर झालेला. पण ते जोडधंदे. मुख्य धंदा हा.

उन्हाळ्यात त्याला गाठायचं तर पाणपोईवर. विटांवर तिरके टेकवलेले रांजण, भोवती ओली पोती, वर वाळ्याचा ताटवा, आणि लांब दांडीचं ओगराळं. पाटीवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असं दुसऱ्याच कुणाचं नाव. भरणारा मात्र हा. पारा चव्वेचाळीसच्या पुढं गेलेला, एक वाटसरू घशाला कोरड पडून येतो, ओंजळ पुढं करतो, आणि ओगराळं हवेतच थांबतं.

"उन्हातून आले नं? बसा पयले. घाम जिरू द्या."

"भाऊ, पाणी..."

"देतो नं जी. पळून जाते का रांजण? गाव कोनतं?"

"नेर."

"नेरात कोनाच्या घरचे?"

माणूस आडनाव सांगतो. याचे डोळे आकाशाकडं लागतात, ओठ हलतात. आत कुठंतरी सोयरीकीची वही चाळली जात असते. मग चेहरा उजळतो. "आमच्या साळ्याची मेव्हनी दारव्ह्याले देल्ली. तिचा दीर नेरले मास्तर होता!"

"बरं मग?"

"मंग काय? आपलेच निंघाले!" आणि इतका वेळ टांगलेलं पाणी ओंजळीत धो धो पडतं.

माझ्या मते त्याची सगळी गोम इथं आहे. अनोळखी माणसाला मदत करण्याचा सद्गुण त्याच्या अंगात नाहीच. अनोळखी माणूस त्याला सहनच होत नाही. आधी तो त्याला सोयरा करून घेतो, मग सोयऱ्याचं करावंच लागतं म्हणून करतो. राजस्थानातून आलेला कुल्फीवालाही यातून सुटत नाही. "अजमेरले आमचे वडील गेल्ते," एवढा धागा त्याला पुरतो. कुल्फीवाल्याचं गाव अजमेरपासून चार जिल्हे लांब असलं तरी.

पाणी पाजून सुटका होते असं समजू नका. सदऱ्याच्या खिशातून तो एक कांदा काढतो आणि तुमच्या खिशात कोंबतो. खिशात कांदा असला की लू लागत नाही, हे वऱ्हाडातलं जुनं शास्त्र. डॉक्टर काही म्हणोत. औषध कंपनीचा टायवाला तरुण, हातात कातडी बॅग आणि पॅंटच्या खिशात टेंगळासारखा कांदा, अशा अवस्थेत डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरताना मी पाहिला आहे.

२०१८च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराची पाण्यासाठी दैना झाली. निळोणा आणि चापडोह ही शहराला पाणी देणारी धरणं आटली, टँकर आला की गल्लीत गुंडांची, म्हणजे पाण्याच्या घागरींची, रांग लागायची आणि त्या रांगेत भांडणं. त्याही वर्षी यानं पाणपोई लावली. घरच्या ड्रमात तळ दिसतोय आणि हा गुंड उचलून चौकात निघालेला. वहिनी दारात आडव्या. "गावाले पाजा, अन् आमी काय जिभा चाटू?" यानं शांतपणे सांगितलं, "आपन घरी हाओत. तो वाटेवर हाय." वहिनींनी कपाळावर हात मारला. मग एक गुंड त्यांनीच कडेवर घेतला, पण चौकापर्यंत सारा रस्ता त्याला शिव्या देत गेल्या. मदतखोराच्या बायकोला देवानं स्वर्गात निराळा फॅन लावून द्यावा, ही माझी जाहीर मागणी.

दवाखान्याच्या बाबतीत तो फार वाईट. तुम्ही नुसतं पोट चोळलं तरी निदान तयार. "सेवाग्रामले जा. नाई तं सावंगीले." आमच्या जिल्ह्यातल्या दुखण्यांचा रस्ता वर्ध्याकडं जातो, ही गोष्ट खरीच. पण हा तुम्हाला वर्ध्याच्या एस्टीत बसवून देतो. खिडकीतून दुपट्टा टाकून जागा तोच धरतो, आणि गाडी हलली तरी खिडकीचा गज धरून सोबत चालतो. "चिठ्ठी लवकर काढजा! कागदं जपजा! बाजूवाल्या काकू, यायच्यावर ध्यान ठेवजा जी!" बाजूच्या काकूंना तुमचं दुखणं आता कळलेलं असतं, मागच्या तीन सीटांनाही.

रस्त्यावर अपघात झाला, की गर्दीतले निम्मे लोक मोबाईल काढतात आणि उरलेले पोलिसांच्या कटकटीला भिऊन सरकतात. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनं १३४-अ हे कलम आलं. जखमीला चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर त्याबद्दल खटला चालत नाही, आणि त्याला आपलं नाव सांगण्याचीही सक्ती नाही. मदतखोराला ही सवलत अपमानास्पद वाटते. तो नाव सांगतो, बापाचं नाव सांगतो, गाव, पोस्ट, मोबाईल नंबर, आणि तो लागला नाही तर साळ्याचा नंबर. जखमीला काळीपिवळीत घालून सरकारी मेडिकल कॉलेजात आणतो, नातेवाईक येईपर्यंत बाकड्यावर बसून राहतो, आणि ते आले की त्यांनाच झापतो. "आता येऊन राह्यले का? पोरगं दोन घंट्यापासून एकटं पडलं!" एकटं कुठं? हा होता की. पण हे त्याच्या लक्षात येत नाही.

जानेवारी २०१९मध्ये यवतमाळला ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या. संमेलनाआधीच निमंत्रणावरून महाराष्ट्रभर वाद पेटला होता, पण मदतखोराला वाद ठाऊक नव्हता. पाव्हने येणार एवढं ठाऊक होतं. मुंबईच्या एका कवीला त्यानं मांडवाबाहेर गाठलं. लिहितो म्हटल्यावर अत्यंत काळजीनं विचारलं, "ते ठीक हाय जी, पन पोटाले काय करता?" आणि उत्तराची वाट न पाहता त्याला घरी नेऊन भाकरी, वांग्याची भाजी आणि वर जवसाची चटणी खाऊ घातली. कवीनं ताटावर कविता केली की नाही, कुणास ठाऊक. भाकऱ्या मात्र चार खाल्ल्या.

या माणसाला उलटी मदत जमत नाही. गेल्या पावसाळ्यात आर्णी रोडवर त्याची मोटारसायकल बंद पडली. एका पोरानं थांबून विचारलं, "काका, सोडू का?" तर हा ओशाळून म्हणाला, "नाई बापा, मी अशीच हवा खात उभा हाओ." पाऊस धो धो पडत होता. पोरगं हुशार निघालं. त्यानं विचारलं, "गाव कोनतं काका?" दोन मिनिटांत दोघांचा एक समाईक मामा सापडला आणि हा मुकाट मागं बसला.

तेव्हा यवतमाळला आलात तर काही पथ्यं सांभाळा. गाव आणि आडनाव लगेच सांगा, वेळ वाचतो. "जेवण झालं" असं म्हणू नका; भाजी कशाची होती, हे तो विचारतो आणि खोटं पकडतो. पैशाचं पाकीट तर काढूच नका, महिनाभर बोलणार नाही. आणि गाडी गाठायची घाई असेल, तर त्याला पत्ता विचारू नका. तो पत्ता सांगत नाही, पोचवून देतो. वाटेत दोन ठिकाणी चहा होतो.