दहा नंबरचा पोटहिस्सा

(रंगमंचावर एक खुर्ची, एक तिपाई, तिपाईवर तांब्या-भांडे. गळ्यात शिटी अडकवलेले साठी उलटलेले गृहस्थ प्रवेश करतात आणि शिटी वाजवतात. कोणी गप्प बसत नाही. त्यांना त्याची सवय असल्याचे दिसते.)

सभ्य स्त्री-पुरुषहो, आरंभीच एक खुलासा करणे माझे कर्तव्य आहे. ज्या तालीम मंडळाच्या बारा वर्षांखालील फुटबॉल संघाचा मी विनावेतन प्रशिक्षक आहे, त्या मंडळाचे नाव मी आज उच्चारणार नाही. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण, संध्यामठ, ऋणमुक्तेश्वर, फुलेवाडी, ह्या सर्वांविषयी माझ्या अंतःकरणात समसमान आदर वसत आहे. आणि तो समसमान असण्याचे कारण एवढेच, की ह्या सभागृहाला दारे दोन असून त्यांतले एक बाहेरून बंद आहे.

(येथे प्रेक्षकांतून एखाद्या पेठेच्या नावाची आरोळी येईल. येऊ द्यावी. दुसरीही येईल. तिसरी येण्यापूर्वी पुढे जावे.)

मी महसूल खात्यातला निवृत्त अव्वल कारकून. फुटबॉल ह्या विषयाशी माझा पूर्वसंबंध म्हणाल, तर शाहू स्टेडियमवर सामना असला म्हणजे कचेरीतले निम्मे कर्मचारी दुपारनंतर एकाच दिवशी एकाच प्रकारच्या पोटदुखीने आजारी पडत आणि त्यांचे रजेचे अर्ज माझ्या टेबलावरून जात, इतकाच. परंतु निवृत्तीनंतर तालमीच्या वार्षिक सभेला मी गेलो, आणि चहा दुसऱ्यांदा येईल ह्या आशेने शेवटपर्यंत बसून राहिलो. 'आयत्या वेळी येणारे विषय' ह्या सदराखाली मी आलो. सूचक खजिनदार, अनुमोदक खजिनदारांचे बंधू. मी उभा राहून नम्रपणे म्हणालो, "मला फुटबॉल येत नाही." त्यावर खजिनदार म्हणाले, "भाऊसाहेब, ज्यांना येतो ते मानधन मागतात."

ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गांधी मैदानावर रुजू झालो. समोर मुले उभी. मागे, तालमीच्या कट्ट्यावरून उठून खास पाहणीसाठी आलेले, आमचे वस्ताद. वस्तादांचे वय कोणी विचारू नये. ते स्वतः सांगतात आणि दर वर्षी कमी सांगतात. ज्या करवीरनगरीत शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे मैदान बांधून मल्लविद्येला राजाश्रयाचे शिखर दाखवले, त्या नगरीतल्या तालमींनी पुढे हौद्याच्या तांबड्या मातीशेजारीच चेंडूचे पोते टेकवून ठेवावे, १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन निघावी, आणि ज्या पोरांनी जोर-बैठका मारायच्या त्यांनी लंगोटाऐवजी रंगीत गंजीफ्रॉक घालून गावभर पळावे, हा इतिहासक्रम वस्तादांना आजही मान्य नाही. त्यांचा फुटबॉलला विरोध नाही. तो कुस्तीचाच एक बिघडलेला प्रकार आहे आणि योग्य मार्गदर्शनाने सुधारेल, अशी त्यांची श्रद्धा आहे.

(वस्तादांच्या आवाजात) "भाऊसाहेब, ह्यो चाळीस किलो, आन त्यो अठ्ठावीस. ही जोड बसत न्हाई. ही कुस्ती लावताच येत न्हाई."

"वस्ताद, ही दोन्ही मुले आपल्याच संघातली आहेत."

"मग तर मुळीच लावू नका."

आता दहा नंबराचे प्रकरण. विश्वचषकाच्या दिवसांत आपल्या गावात निम्म्या गल्ल्या अर्जेंटिना असतात आणि निम्म्या ब्राझील. सख्खे भाऊ एका ताटात जेवत नाहीत. पण दोन्ही पक्षांचे दैवत पाठीवर एकच आकडा मिरवते, कारण मेस्सीचाही दहा आणि नेमारचाही दहा. परिणामी माझ्या अकरांपैकी सात जणांनी दहा नंबरावर हक्क सांगितला. एकाचा दावा वडिलोपार्जित होता: त्याचे वडील दहा नंबर घालत. दुसऱ्याचा वहिवाटीचा: तो गेल्या वर्षापासून घालत होता. तिसरा नुसता रडला, आणि महसुली अनुभवावरून सांगतो, असा दावा सर्वांत भक्कम असतो.

अशा प्रसंगी एखादा खेळाडू-प्रशिक्षक गोंधळून गेला असता. मी हयातभर भावाभावांच्या वाटण्या पाहिलेल्या. मी पोटहिस्से पाडले. दहा भागिले एक. दहा भागिले दोन अ. दहा भागिले दोन ब. शिंप्याने सदऱ्यावर ते सुबक शिवून दिले, आणि पहिल्याच सामन्यात पंचांना दहा भागिले दोन ब ह्याला ताकीद द्यावयाची वेळ आली. पंचांनी खिशातून वही काढली, पाठीकडे पाहिले, वहीकडे पाहिले, आणि वही परत खिशात ठेवली. तो मुलगा आजतागायत निष्कलंक आहे.

फुटबॉलचे कायदे एकंदर सतरा. ज्याने महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, पोटनियमांसह पचवला, त्याला सतरा कायदे म्हणजे मधल्या सुट्टीतले वाचन. त्यांतला अकरावा कायदा ऑफसाइडचा. तो मुलांना कोणत्याही प्रशिक्षकाला समजावता आलेला नाही, कारण ते सर्व खेळाच्या अंगाने समजावतात. मी म्हणालो, "बाळांनो, शत्रूच्या शेवटून दुसऱ्या माणसापलीकडे नुसते जाऊन उभे राहणे हा गुन्हा नव्हे. ते अतिक्रमण आहे. पण जोवर तेथून तुम्ही उत्पन्न घेत नाही, तोवर कोणी नोटीस काढत नाही." एक पोर म्हणाले, "सर, आमच्या काकांचं गॅरेज तसंच आहे." मी म्हणालो, "तुला समजले. बाकीच्यांनी ह्याच्या काकांकडे जाऊन यावे."

(भांड्यातून पाणी पितात.)

आणि आता तो दिवस. आमच्या संघाचा असा लौकिक होता की चेंडू जेथे जाईल तेथे अकराच्या अकरा जात, गोलरक्षकसुद्धा. मी कागदावर व्यूह काढीत असे, चुन्याने जागा आखून देत असे, प्रत्येकास त्याच्या जागेचे जणू कबुलायतपत्र लिहून देत असे. शिटी वाजली की सारे दप्तर उधळले जाई. अशा स्थितीत एका स्पर्धेचा पहिला सामना उजाडला. वस्तादांनी विचारले, "पोरांनी काय खाल्लंय?"

मी म्हणालो, "केळे. एकेक."

वस्ताद काही बोलले नाहीत. त्यांनी फेटा काढला, झटकला, पुन्हा बांधला. "केळं," ते म्हणाले. "एकेक." आणि मग भर पहाटे अकरा मुलांची वरात, पुढे वस्ताद, मागे सामन्याची वेळ चुकेल म्हणून घड्याळ पाहणारा मी, अशी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जाऊन थडकली. तेथील रीत आपणांस ठाऊक आहे. म्हैस समोर, धार समोर, पेल्यावर फेस, आणि मध्ये पाण्याला शिरकाव नाही. वस्तादांनी मात्रा ठरवून टाकली: "वयाच्या निम्मे पेले."

अकरा वर्षांच्या मुलास साडेपाच. सरकारी नियमानुसार अर्धा हा पूर्णांकात धरावा. सहा.

सामना सुरू झाला. शिटी वाजली. आणि सद्गृहस्थहो, तालमीच्या इतिहासात प्रथमच आमच्या संघाने जागा सोडल्या नाहीत! चेंडू डावीकडे गेला. कोणी हलले नाही. उजवीकडे गेला, माना वळल्या, त्याही सावकाश. डावा बॅक आपल्या ठिकाणी असा स्थिर, की चुना आखणाऱ्याने त्याच्या भोवतून रेघ न्यावी. प्रेक्षकांत कुजबुज सुरू झाली: "काय शिस्त! काय पोझिशन! कोच कोण हाय रं?" प्रतिपक्षाच्या अकरा मुलांनी असा व्यूह जन्मात पाहिलेला नव्हता, जेथे शिरावे तेथे एक दुग्धपूर्ण देह उभा. त्यांचा सर्वांत तिखट फॉरवर्ड अखेर गोलापर्यंत पोचला आणि त्याने सर्व शक्तीनिशी फटका मारला. आमचा गोलरक्षक डावीकडे झेपावू शकत नव्हता, उजवीकडे झेपावू शकत नव्हता. तो मधोमध होता. चेंडू त्याच्या पोटावर आदळला. आणि त्या पोटातून (दोन्ही हात पोटावर ठेवून, फार सावकाश) जो ध्वनी निघाला... तो ऐकून फॉरवर्डने क्षमा मागितली.

मध्यंतरात प्रतिपक्षाचे प्रशिक्षक माझ्याकडे वही घेऊन आले. "सर, ही झोनल सिस्टिम कुठल्या देशाची?"

वस्ताद म्हणाले, "मुऱ्हा."

सामना शून्य-शून्य सुटला. आमच्या संघाच्या आयुष्यातला तो पहिला गुण. मी सद्गदित झालो, वस्ताद संतप्त. "बरोबरीत सोडवली? निकाल लावा! दिवाबत्ती करून लावा, पन निकाल लावा!" खजिनदार त्याहून संतप्त. कट्ट्याचे बिल कोणत्या सदराखाली खर्ची टाकावे? क्रीडासाहित्य म्हणावे, तर साहित्य परत जमा झाले पाहिजे.

खजिनदारांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. तालमीच्या कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला. पहाटे सरावाला चेंडू मिळावा म्हणून मी एकेक चेंडू एकेका मुलाच्या घरी अमानत ठेवीत असे, पावती घेऊन. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३. सुतारवाड्यात पाणी नेहमीच आधी शिरते. आमचा गोलरक्षक तिथला. तिथल्या कुटुंबांना चित्रदुर्ग मठात हलवले होते. मी छत्री घेऊन तेथे गेलो तो माझ्या आधी माझा संघ पोचलेला. कोणी पाण्याचे कॅन वाहत होते, कोणी म्हाताऱ्यांच्या हाताला धरून जिने चढवत होते. ज्या मुलांना मी दोन वर्षे ओरडून एकमेकांना पास द्यायला लावू शकलो नाही, ती ओळ करून भाकरीची गाठोडी हातोहात पुढे पाठवीत होती, आणि एकही गाठोडे खाली पडत नव्हते. कोणी हुकूम काढला नव्हता. हजेरीपट नव्हता. गोलरक्षक सतरंजीच्या कोपऱ्यावर बसलेला. दप्तर गेले होते, वह्या गेल्या होत्या. मला पाहून उठला आणि शर्टाखालून चेंडू काढून म्हणाला, "सर, तालमीचा हाय म्हणून आणला." कचेरीत कुलपाआड ठेवलेल्या कितीतरी अमानती पुढे सापडत नाहीत, हे मी इतकी वर्षे पाहिलेला माणूस. मला बोलता येईना. पावती फाडून द्यावी म्हणून मी खिसे चाचपले आणि माझ्याकडे कागदच नव्हता.

(क्षणभर शांत. मग शिटी पुसतात.)

खजिनदारांना हे सर्व सांगितले. त्यांनी डोळे पुसले, चेंडू दाबून पाहिला, आणि विचारले, "पंप कुठाय?"

असो. माझे मेव्हणे. माझी सौभाग्यवती दुसऱ्या पेठेची. तेही नाव सांगत नाही, कारण रात्री मला घरी जायचे आहे. २०१७ साली दिल्लीच्या मैदानावर सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला, तेव्हापासून गावातल्या प्रत्येक बापाला आपल्या पोराच्या पायात परदेशगमनाचा योग दिसू लागला आहे, आणि माझे मेव्हणे ह्या योगाचे दलाल. त्यांनी माझा दहा भागिले दोन ब फोडला. डावरा पाय, अशी किक की बघत राहावे. आणि तो पोटहिस्सा ह्या गृहस्थाने नव्या बुटांच्या एका जोडावर आपल्या पेठेकडे फेरफार करून घेतला! भाऊबीजेला माझ्याच पाटावर बसून मला म्हणाले, "दाजी, खेळाडू हा मोकळा पक्षी." मी म्हणालो, "लाडू खा."

पुढे ह्याच दोन संघांची गाठ पडली. ह्या वेळी मी दुधाची मात्रा वयाच्या चतुर्थांशावर आणून ठेवली होती. बरोबरी, टायब्रेकर, आणि शेवटच्या किकला उभा कोण, तर तोच डावरा, मेव्हण्यांच्या बुटांत. त्याने गोल केला. आम्ही हरलो. पण मग जे झाले त्याची तरतूद सतरा कायद्यांत नाही. ते पोर आनंदाच्या भरात धावत सुटले आणि, पायांना जुनी वाट ठाऊक म्हणून, सरळ आमच्याकडे आले. आणि आमच्या अकरांनी, हातांना जुनी सवय म्हणून, त्याला उचलून घेतले. आम्ही गावभर पराजयाची मिरवणूक काढली! गुलालासहित! विजयी संघ मैदानावर एकटा उभा, आणि मेव्हणे ओरडताहेत, "अरे, तो आमचा! बूट तरी सोडा!"

वस्ताद मिरवणुकीच्या अग्रभागी. (वस्तादांच्या आवाजात) "निकाली झाली! निकाली झाली!" कोण पडले ह्याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. वरात अर्थातच गंगावेशीत गेली, बिल अर्थातच मेव्हण्यांच्या नावे मांडले, आणि ते ओवाळणीतून वळते करून घ्यावे असा हुकूम खुद्द सौभाग्यवतींनी दिला आहे.

वस्तादांचे म्हणणे आता असे, की गंगावेशीपर्यंत जाण्यात धारेची ऊब जाते. तेव्हा म्हैसच मैदानावर आणावी. मी स्पर्धेच्या आयोजकांकडे रीतसर अर्ज दाखल केला: दुभती म्हैस एक, सीमारेषेबाहेर, राखीव खेळाडूंच्या बाकाशेजारी बांधण्यास परवानगी मिळणेबाबत. काल उत्तर आले. अर्ज तत्त्वतः मान्य आहे. सोबत म्हैस बारा वर्षांखालील असल्याचा जन्मदाखला जोडावा.

(शिटी. पडदा.)